भरतीच्या मेळाव्यातली खुर्ची

मनूनं मला वांगी आणायला मंडईत पाठवलं होतं. घरात वांगी होती. पण मी सकाळपासून सोप्यात बसून होतो आणि नुसता बसलेला बाप तिला बघवत नव्हता. मनू माझी लेक, सांगलीत दिलेली. जावई तेलाच्या गिरणीत कामाला. तिची आई राही आषाढात गेली. नऊ दिवस ताप होता. दिवसकार्य उरकल्यावर मनूनं मला गावाकडून इकडं आणलं, ते मार्गशीर्ष लागला तरी मी इथंच होतो. शेताकडं धाकटा जोतीराम बघत होता. मंडईत एका बाईपुढं कृष्णाकाठची काटेरी वांगी दिसली म्हणून मी खाली बसलो. तिनं तराजू उचलला आणि माझी नजर पारड्याच्या दोरीला बांधलेल्या एका चकतीवर गेली. गोल, रुपयाहून मोठी, काळी पडलेली. पारडं फिरलं तशी ती फिरली आणि मला घोड्यावर बसलेला एक उघडा माणूस दिसला. तो माणूस मला ओळखीचा होता. तसाच एक माझ्या ट्रंकेत होता.

मी त्या चकतीकडं बघतोय म्हटल्यावर बाईला वाटलं, मी तिच्या मापावर संशय घेतोय. ती म्हणाली, "आवं मामा, पासंग हाय त्यो. ह्या अंगाचं पारडं हलकं पडतंय, म्हणून बांधलाय. लबाडी न्हाई."

मी म्हणालो, "लबाडीचं न्हाई म्हणत. त्यो बिल्ला कुणाचा हाय?"

"सासऱ्याच्या घरात पडला हुता. कुणीतरी कुस्ती मारली असंल."

शेजारची कोथिंबीरवाली हसली. म्हणाली, घोड्यावर बसून कुठली गं कुस्ती खेळत्यात? वांगीवाली म्हणाली, अंगावर कापड न्हाई म्हंजे पैलवानच की. मी त्यांना सांगितलं, की हा लढाईचा बिल्ला आहे, सरकारनं दिलेला. तिनं तो बोटानं उलटा केला, बघितला आणि विचारलं, "आत्ता झाली त्या लढाईचा?" मी म्हणालो, त्याच्या आधीच्या. तिनं खरोखरच्या नवलानं माझ्याकडं बघितलं.

"दोन झाल्या व्हय?"

मी वांगी घेतली आणि निघालो. तिचा दोष नव्हता. तिशीची बाई असेल. पहिली लढाई संपली तेव्हा ती जन्मलेली असली तरी पाळण्यात असेल. घरात ज्याचा बिल्ला होता त्यानंच कुणाला सांगितलं नसेल, आणि सांगितलं असेल तर काय सांगितलं असेल हे मला ठाऊक होतं. मीही तेच सांगत होतो. तीस वर्षं सांगत होतो. मी घराकडं न जाता घाटावर जाऊन बसलो. बिल्ल्याच्या कडेवर नाव ठोकलेलं असतं. त्याचं नाव घासून गेलं होतं का, हे बघायचं राहिलं, असं मनात आलं. मग वाटलं, बघून काय करणार होतो मी?

माझे बिल्ले दोन. एक चांदीचा, तोच घोडेवाला, आणि एक तांबूस. राहीनं ते ट्रंकेत तिच्या लुगड्यांच्या तळाशी ठेवले होते. वर्षानुवर्षं कुणी काढत नव्हतं. एकेचाळीस साली पुन्हा भरती सुरू झाली तेव्हा आमच्या भागातले पेन्शनर सुभेदार लालासाहेब घरी आले. त्यांनी सांगितलं, कोरेगावला मेळावा आहे, मामलेदार येणार, गोरा साहेब येणार, जुन्या सैनिकांना पुढं खुर्च्या मांडणार आहेत, बिल्ले लावून या. राहीनं ट्रंक उघडली. चांदीचा बिल्ला तिनं रिठ्याच्या पाण्यात टाकला आणि तांबूस चिंचेनं घासला. सगळी दुपार ती दारात बसून घासत होती. मधेच उजेडात धरून बघायची. माझ्या कोटाला तिनंच लावले. मी कोरेगावला गेलो आणि खुर्चीवर बसलो. एक शब्द बोललो नाही. मला कुणी बोलायलाही सांगितलं नाही. साहेबानं हात मिळवला, लोकांनी बघितलं. समोर मातीत पोरं बसली होती, त्यात माझा थोरला हंबीरराव होता. एकवीस वर्षांचा. तो माझ्याकडं बघत होता. असा तो पूर्वी कधी माझ्याकडं बघत नसे. घरात मी त्याला बैल नीट बांधला नाहीस म्हणून बोलणारा बाप होतो. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं नाव दिलं. नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं, की मी त्याला जा म्हटलं नाही. हे खरं आहे. मी फक्त बसलो होतो.

वांगी घेऊन घरी गेलो तर मनू दारात उभी. हातात कार्ड. जोतीरामचं होतं. तिनं वाचून दाखवलं. काश्मीरची लढाई लागली आहे, रविवारी साताऱ्याला मेळावा आहे, लालासाहेबांनी निरोप दिलाय की आबांनी बिल्ले लावून यावं आणि या वेळी दोन शब्दही बोलावेत. मी पण नाव देणार आहे. बिल्ले घेऊन मी परस्पर साताऱ्याला येतो, तुम्ही सांगलीहून या. ऊस तोडून झाला आहे, काळजी नसावी.

मनूनं कार्ड फळीवर ठेवलं. भाकरी थापायला बसली आणि पाठ वळवूनच म्हणाली, "आबा, त्यो तुमचं ऐकंल. आईचं ऐकलं नसतं, माझं न्हाई ऐकायचा. तुमचं ऐकंल." मी म्हणालो, ऐकेल. ती म्हणाली, "मग सांगा त्याला. काय झालं ते सगळं सांगा. आईला म्हाईत हुतं. मला बी म्हाईत हाय. त्याला एकट्यालाच म्हाईत न्हाई." मी विचारलं, तुला काय माहीत आहे? तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

रविवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवस मी काय बोलायचं ते मनात मांडत राहिलो. मिरजेला गाडी बदलताना, मग पुढच्या गाडीत, ताकारी, कराड, सगळी स्टेशनं गेली, मी तेच मांडत होतो. मला बोलण्याची सवय नाही. चार इयत्ता शिकलो, त्याही विसरलो. पण हे बोलायला शिकावं लागत नाही, नुसतं झालं तसं सांगायचं, असं मी स्वतःला बजावलं. कोंडीबाबद्दल सांगायचं. कोंडीबा राहीचा भाऊ. माझ्याहून एका वर्षानं लहान. सोळा साली मीच त्याला बरोबर घेतला. त्याच्या आईनं नको म्हटलं होतं, पण एकट्याला जायला मला बरं वाटत नव्हतं. त्या वेळीही एक साहेब आला होता आणि त्याचा दुभाषी आम्हाला म्हणाला होता, की एवढी एक लढाई जिंकली की पुढं शंभर वर्षं लढाई नाही. आम्ही मान हलवली. शंभर वर्षांचा आम्हाला काय उपयोग, हे कुणाच्या मनात आलं नाही. बोटीनं बसऱ्याला उतरलो. सहा महिन्यांनी एका कोरड्या कालव्याच्या काठी सकाळी आम्हाला पुढं जायला सांगितलं आणि अर्ध्या तासात मागं यायला सांगितलं. मागं आलो तेव्हा कोंडीबा आला नव्हता. तो चाळीस पावलांवर पडला होता. पोटात गोळी लागलेली. मला तो दिसत नव्हता, त्याचा आवाज येत होता. नाथा, पाणी. नाथाजी दाजी तो कधी म्हणायचा नाही, नाथाच म्हणायचा. सकाळी आठाच्या सुमाराला सुरुवात झाली. मी म्हणत होतो, आलो. मोठ्यानं म्हणत होतो, त्याला ऐकू जाईल असं. डोकं वर काढलं की समोरून गोळी येत होती. माझ्या कमरेला पाणी होतं. उन्हं डोक्यावर आली, तो आईला हाका मारायला लागला, मग बैलाला. आमच्या पवळ्या बैलाला. दुपार कलली तेव्हा थांबला. मी गेलो नाही. चाळीस पावलं. पाणी मी प्यालो.

गावी आल्यावर राहीनं विचारलं आणि मी सांगितलं, छातीत गोळी लागली, एका क्षणात गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. ती रडली, पण तिला बरं वाटलं असं मला दिसलं. सासूला सांगितलं, तिलाही बरं वाटलं. गावात ज्यानं त्यानं विचारलं त्याला तेच सांगितलं, आणि चारदोन वर्षांत माझ्या स्वतःच्या डोळ्यांपुढं कोंडीबा छातीत गोळी लागून पडलेला दिसायला लागला. हे मी खरं सांगतो. जागेपणी मला तसाच दिसायचा. फक्त झोपेत मी "आलो, आलो" म्हणून ओरडायचो. राही उठून पाणी द्यायची. ती कधी काही विचारत नसे. मला वाटायचं तिला कळलेलं नाही. चव्वेचाळीस साली हंबीररावाची तार आली, आणि नंतर महिन्याभरानं त्याच्या पलटणीच्या साहेबाचं पत्र आलं. इटलीत एका नदीच्या काठी गेला, शूर होता, त्याला काही यातना झाल्या नाहीत, जागीच प्राण गेला. शाळेच्या मास्तरांनी मराठीत वाचून दाखवलं. मास्तर गेल्यावर राही चुलीपुढं बसली होती. जाळ विझला होता तरी फुंकत होती. मग वळून माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "हंबीरबी आपल्या कोंडीबावाणीच गेला असंल न्हवं? एका क्षणात?" आवाजात राग नव्हता. मी तिच्याकडं बघितलं आणि मला समजलं, की तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे. मी झोपेत नुसतं "आलो" म्हणत नसणार. मी म्हणालो, "व्हय." ती "बरं" म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली. पुढं तीन वर्षं जगली, पण त्यावर पुन्हा बोललो नाही. आता बोलावंसं वाटतं तर ती नाही.

साताऱ्यात मोठं मैदान होतं, मांडव होता, झेंडा आता आपला होता. जोतीराम मला मांडवाच्या दारात भेटला. नवा सदरा घातला होता. बिल्ले त्यानं फडक्यात बांधून आणले होते. घासलेले नव्हते, आणि ते बघून मला उगाच बरं वाटलं. त्यानं स्वतः माझ्या कोटाला लावले, वाकडे लागले. लालासाहेब भाषणात म्हणाले, मागच्या दोन्ही लढाया गोऱ्याच्या होत्या, ही आपल्या घरची आहे. ते खोटं नव्हतं. त्यावर मला काही बोलायचंही नव्हतं. लढाई करावी की नाही हे मला कळत नाही, पेटलेलं घर विझवायला कुणीतरी जावंच लागतं. मला एवढंच सांगायचं होतं की तिथं काय असतं. ते ऐकून ज्याला जायचं त्यानं जावं. मग लालासाहेबांनी माझं नाव घेतलं. मी खुर्चीवरून उठलो.

समोर तीन-चारशे पोरं. पुढच्या रांगेत जोतीराम. मी बोलायला तोंड उघडलं. कोंडीबा, एवढंच म्हणालो. माझा एक मेव्हणा होता, कोंडीबा नावाचा. मला पुढचं वाक्य येत होतं; चार दिवस पाठ केलं होतं. पण त्याच्या आधी बोट आली. आम्ही मुंबईला बोटीवर चढलो हे सांगावं लागणारच होतं. म्हणून सांगितलं, की दुसऱ्या दिवशी किनारा दिसेनासा झाला तेव्हा कोंडीबा कठड्याला धरून उभा राहिला, सगळीकडं पाणी बघितलं आणि मला म्हणाला, नाथा, एवढ्या पाण्यावर पाटकरी कोण हाय रं? पाळी कवा येती आपली? पोरं हसली. पाटाच्या पाण्यासाठी पाटकऱ्याच्या पाया पडणारी पोरं, ती हसणारच. सगळा मांडव हसला. खुर्चीवरचे सुभेदार हसले, मामलेदार हसले. मी गावी परत आलो, राहीचं रडणं ओसरलं, तेव्हा एकदा तिला हे सांगितलं होतं आणि ती पदर तोंडात धरून हसली होती, अठरा वर्षांची, ओसरीवर, दळण तसंच टाकून. मांडवातल्या हसण्यात मला ती ऐकू आली. कोंडीबा माझ्या शेजारी उभा होता. मला त्यांना तिथंच राहू द्यावंसं वाटलं. मग मी सांगितलं की बोटीवर कोंडीबानं बिस्किट पाण्यात भिजवून त्याची भाकरी थापायचा प्रयत्न केला. मग तो गोऱ्या स्वयंपाक्याशी मराठीत कसा भांडला ते. पोरं डोळे पुसत होती. माझा आवाज मोकळा झाला होता, हात हलत होते, मी पुष्कळ बोललो. लालासाहेबांनी मागून कोट ओढला तेव्हा थांबलो. मी बोटीतून खाली उतरलोच नव्हतो. टाळ्या झाल्या.

दुपारपर्यंत जोतीरामची छाती मोजून झाली, डॉक्टरनं पास केलं. पौषात बेळगावला हजर व्हायचं. कोरेगावला जाणाऱ्या मोटारीत आम्हाला मागची जागा मिळाली. मोटारीत टोपलीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी, दोन व्यापारी आणि आम्ही. जोतीराम फार खुशीत होता. म्हणाला, "आबा, कोंडीबामामाचं एवढं कवा बोलला न्हाईसा घरात. लय हसलो." माहुलीचा पूल आला. पुलावर मी त्याचं मनगट धरलं आणि सांगायला लागलो. हळू बोलत होतो, मोटारीच्या आवाजात फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. कालवा सांगितला. चाळीस पावलं सांगितली. बैलाला मारलेल्या हाका सांगितल्या. माझ्या कमरेचं पाणी सांगितलं. तुझ्या आईला मी काय सांगितलं तेही सांगितलं, आणि ते खोटं होतं हेही सांगितलं. काही ठेवलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मधे एकदा त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. म्हातारीची कोंबडी ओरडत होती. मी थांबलो तेव्हा कोरेगावची झाडं दिसत होती.

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "लय सोसलंसा आबा." पुन्हा थांबून म्हणाला, "एवढं हून बी तुमी परत आलासा. म्हंजे येता येतं."

मी माझ्या गुडघ्यांवरच्या हातांकडं बघितलं. दोन्ही धड होते. मी त्याला काहीही सांगितलं तरी सांगणारा मी त्याच्या शेजारी बसलेला होतो, पन्नास वर्षांचा, जेवूनखाऊन. कोंडीबा येऊन सांगणार नव्हता. मी म्हणालो, "आणि हंबीर?" हे नाव घेताना माझा आवाज चढला असावा, कारण पुढचा व्यापारी वळून बघायला लागला.

जोतीराम खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "दादाचं एक बरं झालं. तरास झाला न्हाई त्येला. साहेबाच्या पत्रात हुतं की."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. आत्ता, पाऊण तास, मी त्याला काय सांगितलं होतं? तसलं पत्र कसं लिहितात, तसलं सांगणं कसं तयार होतं, हेच तर सांगितलं होतं. तो मूर्ख नाही. हिशेब त्याला कळला असणार. त्याचा चेहरा खिडकीकडं होता आणि कानशिलाजवळची शीर उडत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, ते पत्र मीच लिहिल्यासारखं आहे. पण हे म्हटलं असतं तर हंबीरराव पुन्हा मेला असता, आणि या वेळी हळू मेला असता, पाणी मागत. ते त्याला नको होतं. मलाही नको होतं.

कोरेगावला उतरलो. तिथून आमचं गाव दोन कोस. ऊस तुटून मोकळी झालेली रानं दोन्ही बाजूंना, गुऱ्हाळाचा धूर. जोतीराम पुढं चालत होता. तो आता चालतो तसा पूर्वी चालत नसे; छाती काढून, हात मोकळे सोडून, ढेकळं चुकवायचं सोडून सरळ. मी त्याच्या मागं आठ-दहा पावलांवर होतो. कोटाचे बिल्ले काढायचे राहिले होते. बराच रस्ता गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्याचा डावा पाय पडतो तेव्हाच माझा डावा पडतो. धुळीत दोघांचा मिळून एकच आवाज येत होता. मी मुद्दाम एक पाऊल लांब टाकलं. मग एक आखूड टाकलं. एकदा वाकून पायतानातला खडा काढल्यासारखं केलं, त्याला पुढं जाऊ दिलं आणि माझ्या चालीनं चालू लागलो. चार-पाच पावलं वेगळी पडली. मग पुन्हा जुळलं.